वर्षाला एक रोप

झाडांशी बोलणाऱ्या माणसांचा शांतवनमामांना राग येई. एखादी हौशी बाई रोप घ्यायला आली आणि जास्वंदीच्या पानावरून बोट फिरवत ‘किती गोड गं तू’ असं काही म्हणाली, की मामा हातातलं खुरपं खाली ठेवत. "बाई, त्याला पानी लागतं," ते म्हणत. "बोलनं न्हाई लागत." बाईला वाटे म्हातारा गंमत करतोय. ती हसे. मामा पुन्हा खुरपं उचलत.

केडगावात पुणे रस्त्याच्या कडेला त्यांची नर्सरी होती. आता तिथं गाड्यांचं शोरूम आहे आणि काचेमागे नव्या कोऱ्या गाड्या उभ्या असतात. आमचं घर तेव्हा नर्सरीच्या कुंपणाला लागून होतं. माझे यजमान नागापूरच्या एका कारखान्यात होते, मी इथल्या शाळेत शिकवत होते. स्वयंपाकघराची खिडकी मामांच्या विहिरीकडे उघडायची. त्यामुळे सकाळी चहाचं आधण ठेवताना मला देवाच्या आधी मामा दिसत. उंच, काटकुळे, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, अंगात बाह्या खाली सोडलेला शर्ट आणि डोक्यावर चहाच्या रंगाची झालेली साहेबी हॅट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच साठी गाठलेली. विहिरीच्या बाजूला पत्र्याची एक खोली, खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर क्रूस. बाकी सगळा संसार बाहेर, डालड्याच्या डब्यांत आणि काळ्या पिशव्यांत.

मामा ख्रिस्ती. रविवारी पांढरी पँट, पांढरा शर्ट घालून सायकलवर नगरच्या देवळात जात. देऊळच म्हणत ते, चर्च नाही. दुपारी परत आले की पुन्हा खाकी चड्डी. नाताळच्या दिवशी मात्र ते कामाला हात लावत नसत. देवळातून आल्यावर पांढऱ्या कपड्यांतच खाट बाहेर काढून रस्त्याकडे तोंड करून बसत. रस्त्यावरून लोक जात, कुणी हात करी, मामा हॅटला बोट लावत. आमच्याकडून पुरणपोळी जायची, ती माझ्यासमोर अर्धी खात, अर्धी झाकून ठेवत. तो एक दिवस त्यांना संपता संपत नसे. उन्हं कलली की बघावं तर खाकी चड्डी चढवून गडी वाफ्यात बसलेला असे.

"मामा, घरी कोण कोण असतं?" असं नवीन माणूस विचारी.

"हायेत की," ते म्हणत आणि पाण्याचा पाइप उचलून दुसऱ्या टोकाला जात.

रोप विकणं हा त्यांचा धंदा, पण गिऱ्हाइकाची चौकशी असायची मुलगी द्यावी तशी. कुठं लावणार, दार कुठल्या दिशेला, शेळ्या आहेत का, उन्हाळ्यात गावाला जाता का. उत्तर मनास आलं नाही तर रोप मिळत नसे. एका बँकेच्या साहेबांच्या बाईंनी गुलाब नेला होता. त्याला फूल येईना. दोनतीनदा तक्रार आली तेव्हा मामा एका सकाळी सायकल घेऊन त्यांच्या घरी गेले आणि अंगणात उकिडवे बसले. बाईंनी चहा दिला. मामा बसूनच. दुपारी साहेब जेवायला घरी आले, तरी मामा बसूनच. पुन्हा चहा झाला. घरातली माणसं पडद्याआडून बघायला लागली की हा म्हातारा उठतो कधी. दिवस मावळला तेव्हा मामा उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या अंगनात ऊन येतच न्हाई. म्या दिसभर वाट बघितली. येक तर झाड बदला, न्हाईतर घर बदला." साहेबांची बदलीच झाली त्या साली. जाताना बाई गुलाब परत देऊन गेल्या. पुढच्या थंडीत त्याच्यावर ताटलीएवढी फुलं आली, आणि मामांनी ती कुणाला तोडू दिली नाहीत. फुलं ते कधीच विकत नसत.

मामांची कामाची सुरुवात साहेबांच्या राज्यातली. भिंगारच्या छावणीत एका लष्करी साहेबाच्या बंगल्यावर ते पाणी घालायला लागले तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं. म्हातारा माळी आजारी पडून गावी गेला आणि बाग त्यांच्या अंगावर आली. साहेबाची बाई, मामा तिला मॅडमसायब म्हणत, कडक होती. तिला नगरच्या उन्हात विलायतेची फुलं हवी असत. बोटीनं बियांची पाकिटं यायची. पांशी, फ्लाक, डेलिया, सुईटपी. मामांच्या तोंडात ती नावं अशी बसली होती की पाथर्डीकडच्या पाहुण्यांची नावं वाटावीत. तरटाची सावली करायची, वाळ्याचे पडदे भिजवायचे, कोवळं रोप ओंजळीत धरावं तसं धरून ठेवायचं. जे इथं जगत नाही ते जगवून दाखवायचं, हे त्यांचं काम होतं आणि त्यांना ते जमे. सुताच्या दोरीवर चढवलेला सुईटपी माणसाच्या डोक्यावर जायचा, हे सांगताना त्यांचा हात आपोआप वर जाई.

साहेब लोक गेले तेव्हा मॅडमसायबानं कुंड्या त्यांना दिल्या. त्या बैलगाडीत घालून मामा केडगावला आले, विहीर असलेला हा तुकडा खंडानं घेतला आणि नर्सरी मांडली. "बंगल्यावरची बाग येका उन्हाळ्यात गेली," ते म्हणाले होते. "म्या बघाया बी न्हाई गेलो." पुढं नगरातल्या बंगल्यांना, शाळांना, साखर कारखान्यांच्या गेस्ट हाउसांना झाडं त्यांनी पुरवली. नागापूरला एमआयडीसी आली तेव्हा कारखान्यांच्या गेटांवर जी पहिली हिरवळ आली, ती त्यांच्या हातची. कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. लांबून लोक येत, हात बघत बसत. काम झालं की ते जात. मामा पुन्हा एकटे.

आमच्या थोरल्या मुलीच्या बारशाच्या साली माझ्या लक्षात आलं की वर्षातून एक दिवस मामा स्वतः झाडू घेऊन फाटकापुढची जागा लोटतात. एरवी ते काम रोजावरच्या बायकांचं. नाताळला आठवडाभर असेल. दुपारी एक बाई आली. काळीसावळी, हाडानं मजबूत, नऊवारी लुगडं, डोक्यावर गाठोडं. ती फाटकातून आत आली, गाठोडं खाली ठेवलं आणि उभी राहिली. मामा पाठमोरे बसले होते, ते तसेच बोलले. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"मागचं?"

"जळालं."

"कवा?"

"चैतात."

"पानी?"

"हुतं तवर घातलं की."

मग मामा उठले. ते पुढे, ती मागे, अशी दोघं वाफ्यांमधून हिंडली. मामा एखाद्या रोपापाशी थांबत, ती मान हलवी. शेवटी एक मोगरा ठरला. मामांनी मुळाशी ओलं तरट गुंडाळून दिलं. तिनं रोप कडेवर घेतलं आणि आली तशी गेली. गाठोडं तिथंच राहिलं. त्यात बाजरी होती. त्यानंतर कितीतरी दिवस मामांच्या स्टोव्हवर त्याच बाजरीची भाकरी होत होती.

पुढच्या साली पुन्हा तेच. "मागचं?" "शेरडानं खाल्लं." त्याच्या पुढच्या साली वाळवी. एकदा पुरात गेलं. दर साली ती एक रोप नेई, आणि दर साली ते मेल्याची बातमी घेऊन येई. मला नवल वाटे, की गिऱ्हाइकाला उलटसुलट प्रश्न विचारणारे मामा, शेळ्या आहेत म्हटलं तर गुलाब न देणारे, हिला मात्र निमूट देतात.

एका वर्षी एसटी उशिरा पोचली म्हणून ती उन्हात आली. मामा विहिरीत उतरले होते. ती आमच्या पायरीवर टेकली. मी पाणी दिलं.

"कुठल्या तुम्ही?"

"तिसगावची."

"मामांच्या नात्यातल्या का?"

तिनं पाणी पिऊन घेतलं, तांब्या पदरानं पुसून माझ्या हातात दिला आणि गाडीची वेळ सांगावी तसं म्हणाली, "मालक हायेत ते माझे."

ती उठली. "राहेल म्हनत्यात मला," एवढं सांगून फाटकाकडे गेली.

मामांनी तिला पायरीवर बसलेली पाहिलं असावं. थोड्या दिवसांनी मी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते. ते गुलाबाचे डोळे भरत बसले होते, म्हणजे एका झाडाचा कोंब काढून दुसऱ्याच्या सालीत बसवत होते. हातातला हाडाच्या मुठीचा चाकू न थांबवता ते म्हणाले, "राहेल बोलली का काय?"

"म्हणाल्या थोडं."

"काय म्हनली?"

मी सांगितलं. मामांनी तो डोळा बसवला, वरून केळीच्या सोपटाचा धागा बांधला. मग पुढच्या फांदीला हात न लावता बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

राहेल पहिल्या बाळंतपणाला माहेरी, तिसगावला गेली होती. मुलगी झाली. निरोप आला, मामांनी छावणीत पेढे वाटले. पण थंडीचे दिवस. छावणीत फुलांचं प्रदर्शन भरायचं आणि मॅडमसायबाला सुईटपीचं बक्षीस पाहिजे होतं. प्रदर्शन झालं की जाऊ, असं मामांनी ठरवलं. अशात राहेलचा भाऊ बैलगाडीनं बंगल्यावर आला. पोरीला ताप होता, उतरत नव्हता. राहेलनं बोलावलं होतं.

"म्या काय म्हनलो ठाव हाय?" मामा म्हणाले. "म्हनलो, परवा शो हाय. तेवढा झाला की येतो. उन्हाचा तडाखा बसला तर कळ्या गळत्यात. त्यो बिचारा जेवला बी न्हाई, तसाच माघारी गेला."

सुईटपीला पहिलं बक्षीस आलं. मॅडमसायबानं खूश होऊन हाच चाकू दिला. मामा चाकू खिशात घालून तिसगावला पोचले, तेव्हा मुलीला माती देऊन झाली होती. राहेल दारात आली. रडत नव्हती. "तिनं इचारलं, फुलं आली का चांगली? म्या हो म्हनलो. मंग म्हनली, जावा मंग तिकडंच. हितं पुन्यांदा यायचं न्हाई. पोरीच्या मातीवर बी न्हाई."

"मग तुम्ही गेला नाहीत?"

"न्हाई."

"इतक्या वर्षांत एकदाही?"

"ती म्हनली न्हाई ना, की या म्हनून."

काही वर्षांनी, नर्सरी मांडल्यावर, एका नाताळच्या आधी राहेल भावाला घेऊन दारात उभी राहिली. कबरीवर लावायला फुलाचं झाड पाहिजे म्हणाली. मामांनी दिलं. उन्हाळ्यात ते मेलं. दुसऱ्या साली ती पुन्हा आली. तेव्हापासूनचं हे.

"बहात्तरच्या दुष्काळात बी आली हुती," मामा म्हणाले. "हाताला खडी फोडून फोड आल्ते. माझी हीर बी आटली हुती, पाचसहा रोपं जीव धरून. म्या म्हनलो, न्हिऊन काय करनार, जगनार न्हाई. तर म्हनली, ठाव हाय मला. आन घिऊन गेली."

नर्सरीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात मुरमाचा एक ढीग होता. तिथं मामा कधी पाणी सोडत नसत. रोजावरच्या बायका म्हणायच्या, म्हाताऱ्याचं त्या कोपऱ्याशी वैर आहे. मी त्या दिवशी विचारलं. मामांनी सांगितलं की राहेलनं सुरुवातीला एकदा पदरात कबरीजवळची माती बांधून आणली होती, बघा म्हणाली कसली आहे. नुसता मुरूम. मामांना तिकडं जाता येत नव्हतं, म्हणून त्यांनी तसलाच मुरूम आणून इथं टाकला आणि बिनपाण्याचं काय जगतं ते बघायला लागले. एकामागून एक रोपं लावली. बंगल्यावर ते पाण्यावर जगणारी फुलं सांभाळायला शिकले होते; पाण्यावाचून काय जगतं ते या कोपऱ्यानं शिकवलं. नागापूरच्या उघड्या माळावर त्यांची झाडं टिकली ती त्यामुळेच.

त्या ढिगावर एक पांढरा चाफा होता. चांगला बुंधा धरलेला. दर उन्हाळ्यात पानं गळून फुलांनी भरायचा.

"मग हा का नाही दिलात, मामा?"

मामा कुंपणाजवळ आले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "फांदी खोवली की जगतो ह्यो," ते म्हणाले. "दुसऱ्या सालीच कळलं मला. पर जगला तर ती येईल कशाला?"

त्यांना माझं काही ऐकायचं नव्हतं. ते जाऊन पुन्हा डोळे भरायला बसले.

वर्षं गेली. मुली मोठ्या झाल्या, रस्ता रुंद झाला, नर्सरीच्या पुढची एक पट्टी रस्त्यात गेली. मामांची पाठ वाकली. राहेलबाई येत राहिल्या. एका साली त्या काठी घेऊन आल्या, बरोबर भाचा होता. फाटकापासून वाफ्यापर्यंत येताना मध्ये खाली बसल्या. एरवी डोक्यावर असायचं ते गाठोडं भाच्याच्या हातात होतं. मामा उठून उभे राहिले होते. ते तिच्याकडे बघत होते, तिच्या पायांकडे. घोटे सुजले होते.

मामांनी ‘मागचं?’ असं विचारलं नाही. तीच म्हणाली, "मागचं बी गेलं."

मामा मुरमाच्या कोपऱ्यात गेले. चाफ्याची एक फांदी आधीच तोडून, चीक वाळवून, पत्र्याखाली उभी करून ठेवलेली होती. म्हणजे त्यांनी ते आधीच ठरवलं होतं. मनगटाएवढी फांदी, ना पान ना मूळ. ती त्यांनी आणून भाच्याच्या हातात दिली.

राहेलबाईंनी ती बघितली. बराच वेळ बघितली. "ह्यो?" त्या म्हणाल्या.

"हां."

"बरं."

"पानी घालू नगा," मामा म्हणाले. "लई पान्यानं कुजतो."

त्या गेल्यावर मामा कुंपणाशी आले. "लांब पडतं आता तिला," एवढंच म्हणाले.

पुढच्या नाताळच्या आधी त्या आल्या. मामांनी फाटकापुढची जागा लोटली होती. मी खिडकीत होते, खोटं कशाला बोलू, वाटच बघत होते.

"जगला," राहेलबाई म्हणाल्या.

"पान कसं हाय?"

"चांगलं हाय. दोन फुटवं निघाल्यात."

"मंग झालं."

वाफ्यांतून हिंडायचं कारण उरलं नव्हतं. शेवटी मामांनी खाट बाहेर ओढली, तिच्यावरची धूळ हातानं झाडली. राहेलबाई एका टोकाला टेकल्या. मामांनी चहा केला, तो कपबशीत आणून दिला, आणि स्वतः विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. दोघं रस्त्याकडे बघत चहा प्यायली. त्या उठल्या तेव्हा बाजरीचं गाठोडं नेहमीच्या जागी ठेवून गेल्या. हात रिकामे होते, त्यांना ते चालताना जड जात असावं. काठी त्या एकदा या हातात, एकदा त्या हातात घेत होत्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. मामा नाताळच्या आधी फाटकापुढची जागा लोटत, आंघोळ करून बसत. दुपार होई, संध्याकाळ होई. गिऱ्हाईक आलं तर म्हणत, "आज न्हाई, उद्या या." असे काही नाताळ गेले. त्यांची नजर उतरली होती, कलमं बांधणं थांबलं होतं, तरी रोज सकाळी वाफ्यात ते असतच. पुढं चैत्रात एका दुपारी भाचा मोटारसायकलवर आला. आत्याचा नवरा म्हणजे मामाच. शांतवन हे नाव विसरून सगळं केडगाव त्यांना मामा म्हणे, पण नात्यानं म्हणणारा तो एकटा.

"मामा, आत्या गेली," तो म्हणाला. "परवा माती दिली. तुमाला लगीच कळवू नगा म्हनली हुती. माती झाल्यावर सांगा म्हनली. आन म्हनली, आता आलं तरी चालंल म्हनावं."

आम्ही तेव्हा जुनी व्हॅन घेतली होती. दुसऱ्या दिवशी यजमान आणि मी मामांना घेऊन निघालो. पांढरे कपडे, हॅट मांडीवर. पाथर्डी रस्त्याला उन्हानं माळ पांढरा पडला होता. मामा खिडकीतून बघत होते, पण कुठल्या झाडाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तिसगावात बाजाराचा दिवस होता, गर्दीतून वाट काढत आम्ही भाच्याच्या घरी पोचलो. पाणी घेऊन कबरस्थानाकडे चालताना वाटेत एका देवळापाशी चाफ्याचं जुनं झाड होतं, फुलांचा सडा पडलेला. मी थांबून बघितलं. भाचा म्हणाला, "आत्याला आमी किती डाव सांगितलं, कामून नगरला जाती उन्हातान्हाची, हितलीच एक फांदी न्हिऊन लाव. कुटं बी जगतो ह्यो. तर न्हाईच म्हनायची. नगरचंच झाड पाहिजे म्हनायची."

मामा पुढे चालत होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण पाऊल एक क्षण चुकलं.

त्या पावसाळ्यात मामा गेले, त्यांच्या खोलीत, झोपेत. त्यांची नर्सरी कशी गेली, जमीन कुणी घेतली, ते सगळं मी पाहिलं. पण त्यांची आठवण आली की मला दिसतात ते त्या दिवशीचे.

कबरस्थान म्हणजे ओढ्यावरचा उघडा माळ. दगडांनी आखलेल्या कबरी. त्यात एका लहानशा कबरीवर चाफा उभा होता, माणसापेक्षा उंच, एकही पान नाही, सगळी फुलं. शेजारी ताज्या मातीचा नवा उंचवटा. मामा आधी नव्या मातीपाशी उभे राहिले, हॅट छातीशी धरून. ओठ हलत होते. मग झाडाकडे गेले. बुंध्यावर अंगठा दाबला, वाळलेलं एक टोक मोडलं, आलेला चीक बोटानं पुसून टाकला. काम करणाऱ्या माणसाचे हात होते ते, त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

मुलगी माहेरी जन्मली, बाप्तिस्मा व्हायचा होता, नाव ठरायचं होतं, एवढंच मामांना ठाऊक होतं. राहेलबाईंनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायचा आपल्याला हक्क आहे असं मामांना कधी वाटलं नाही. बोलण्यात ते नुसतं ‘पोरगी’ म्हणत.

बांधावर शेळ्या घेऊन एक म्हातारी बसली होती. अनोळखी माणसं झाडाला हात लावताना बघून तिनं तिथूनच हटकलं. "फांद्या मोडू नगा हं. शांताचा चाफा हाय त्यो."

मामांनी वळून बघितलं. "कुनाचा?"

"शांताचा. राहेलबाईची पोर. बारकी असतानाच गेली. सगळं गाव तसंच म्हनतं त्याला."

"कुनाचा म्हनलात?"

म्हातारीला वाटलं, माणसाला कमी ऐकू येतंय. तिनं तोंडाला हात लावून हाक दिल्यासारखं केलं. "शांताचा हो, शांताचा!"

भाचा माझ्याकडे झुकला. "मामांचे कान गेले का काय?"

मी मानेनं नाही म्हटलं. विहिरीपलीकडचा नळ ठिबकत असला तर मामा खाटेवरून उठून जात, इतके त्यांचे कान शेवटपर्यंत तयार होते. ते चाफ्याखालून निघून बांधाकडे दोन पावलं गेले. उजवा हात कानामागे धरला, मान तिरकी केली आणि म्हातारीला अगदी नम्रपणे विचारलं, "कोन?"